घशाची थंडी

दादर स्टेशनच्या बाहेर, सेनापती बापट मार्गाच्या कडेला, पहाटे पालेभाजी उतरते. गवती चहा तिथे वर्षभर असतो, पण कोथिंबीर-पुदिन्याच्या ढिगाआड, विचारलं तर मिळेल अशा बेताने. डिसेंबरात एखाद्या सकाळी वारा फिरतो आणि त्या दिवशी तो पुढे येतो. वसई-विरारकडून पहिल्या गाडीने आलेल्या बायका त्याच्या जुड्या ओल्या फडक्यावर हारीने मांडतात. शेजारी मातीसकट आलेलं नवं आलं, इतक्या पातळ सालीचं की नखाने सोलता यावं. जानेवारी लागली की त्याच्या जोडीला ओली हळद. गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी गवती चहाची एक पात खुडतं, बोटांत चुरगळतं आणि नाकाशी नेतं. विकणारी त्याला काही म्हणत नाही. घासाघीस अजून सुरू व्हायची असते, मागून हमाल ओरडत असतात, लोकल फलाटाला लागत असते आणि त्या सगळ्यात एक माणूस डोळे मिटून उभा असतो. ते पाहायला मिळावं म्हणून हिवाळ्यात मी भाजीला मुद्दाम लवकर जाते.

मुंबईच्या थंडीचं बाहेरच्या माणसाला कौतुक नसतं. निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. तिथल्या शेतकऱ्याला आमची सतरा-अठरा अंशांची पहाट थंडीची कशी वाटेल? मुंबईच्या नोंदीतला सर्वांत गार दिवस म्हणजे २२ जानेवारी १९६२. त्या दिवशी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. त्या रात्री चाळीतल्या गॅलरीत झोपणाऱ्या पुरुषांना आपापल्या खोल्यांत घ्यावं लागलं, पाय पसरायला जागा उरली नाही, असं आजी सांगायची. एरवी आमची थंडी अंगावर एक चादर वाढवण्यापुरतीच.

पण घशाला ती कळते. हिवाळ्यात वारा उत्तरेकडून, जमिनीवरून येतो आणि समुद्राचं वारं दुपारपर्यंत अडून राहतं. रात्री हवा गार होऊन खाली बसते. तिच्याबरोबर शहराची धूळ आणि धूरही खाली बसतो. सकाळी परळच्या पुलावरून पाहावं तर उंच इमारतींचे वरचे मजले उन्हात आणि खालचे करड्या थरात. त्या थरात आम्ही श्वास घेतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत गिरगावापासून लालबागपर्यंत प्रत्येक घरात कुणी ना कुणी खाकरत असतं आणि प्रत्येक घरात कसलं तरी आधण ठेवलेलं असतं. या शहरातली गरम पेयं मला कधी अंगाच्या उबेसाठी केलेली वाटलीच नाहीत. त्यांचं सगळं लक्ष घशाकडे असतं आणि बहुतेक वेळा तो घसा दुसऱ्याचा असतो.

आजीचा काढा करायचा क्रम ठरलेला होता. आधी नुसतं पाणी. त्यात गवती चहाच्या चार-पाच पाती, दुमडून त्यांचीच गाठ मारलेली, म्हणजे गाळताना काडी मध्ये येत नाही. पातीची कड धारदार असते. निष्काळजीपणे ओढली तर बोट कापतं, म्हणून ती पात नेहमी बुडाकडून शेंड्याकडे पुसून घ्यायची. मग तुळशीची पानं, चार मिरे, एखादी लवंग, ज्येष्ठमधाची काडी. आलं किसायचं नाही, खलबत्त्यात ठेचायचं. किसलेल्या आल्याचा रस किसणीलाच लागून राहतो, असं तिचं म्हणणं. पाणी निम्मं होईपर्यंत आटवायचं. गूळ अगदी शेवटी, विस्तव काढल्यावर.

चहात दूध घालायचं असेल तर आलं पाण्यातच खळखळून उकळू द्यायचं, मगच दूध. कच्च्या आल्यात दूध नासवणारा एक गुण असतो. उकळीत तो मरतो. सुंठ आधीच वाळलेली, म्हणून ती दुधात थेट चालते. गुळाच्या चहातही दूध वेगळं गरम करून सावकाश सोडायचं, नाहीतर फुटतं. यातली कारणं मी पुढे शाळा-कॉलेजात शिकले. आजीला ती कुणी सांगितली नव्हती. दूध महाग होतं आणि एकदा नासलं की संध्याकाळपर्यंत दुसरं नव्हतं, एवढं तिला पुरेसं होतं.

आम्ही लालबागला राहायचो. बाबा गिरणीत, स्पिनिंग खात्यात. सूत तुटू नये म्हणून त्या खात्यातली हवा मुद्दाम उबट आणि दमट ठेवत, पाण्याचे बारीक तुषार सोडून. तिसऱ्या पाळीची माणसं रात्रभर त्या वाफाऱ्यात उभी असत आणि भोंगा झाला की घामेजल्या अंगाने एकदम पहाटेच्या गारठ्यात बाहेर पडत. केसांवर, भुवयांवर कापसाचा भुगा. घशात तोच. चाळीचा लाकडी जिना वाजू लागला की पावलांच्या आधी खोकला ऐकू यायचा आणि कोणता खोकला कोणाचा हे घराघरातल्या बायकांना ठाऊक असायचं. त्या आवाजावर स्टोव्हला पंप मारला जाई.

बाबांना त्या वेळी चहा लागत नसे, पेज लागे. उकडे तांदूळ गावाहून, कुडाळकडून, गोणीतून यायचे. मूठभर तांदूळ आणि भरपूर पाणी, मंद आचेवर, दाणा फुटून पाण्याला दाटपणा येईपर्यंत. त्यात मीठ. वरची निवळ आधी वाडग्यात, मग खालचा भात. सोबत भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा किंवा लोणच्याची फोड. पहिला घोट घेताना बाबा मान किंचित वर करत आणि कंठ हलताना दिसे. मग खोकला थांबे. मग ते बोलायला लागत. आम्हाला शाळेत जायची घाई असे, पण त्यांचा पहिला शब्द आल्याशिवाय आई आम्हाला निघू देत नसे.

शेजारच्या खोलीत साताऱ्याकडचं बिऱ्हाड होतं. त्यांच्याकडे माडगं होई. हुलगे भाजून दळून आणलेलं पीठ, ते गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडायचं, गूळ आणि सुंठ घालून सारखं ढवळायचं. त्याच हुलग्याला आमच्याकडे कुळीथ म्हणत आणि त्याची लसूण-कोकम घातलेली पिठी करत. भातावर घ्यायची असली तर दाट, सर्दी-पडशाला वाटीने प्यायची असली तर पातळ. आमच्याकडे गूळ घालणं कुणाला पटलं नसतं आणि त्यांना कोकम. तरी कुणी आजारी पडलं की दोन्ही वाट्या गॅलरीतून इकडून तिकडे जात. एक कोकणातली, एक घाटावरची, दोन्ही एकाच दाण्याच्या. चाळीत आणखी गावकीच्या खोल्या होत्या, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारी एकटी माणसं. त्यांची इथे बिऱ्हाडं नव्हती, खानावळवाल्या होत्या. या बायकांचं कष्टाचं अर्थकारण ओळखून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना कर्जं मिळवून दिली. मला आठवते ती आमच्या मजल्यावरची खानावळवाली, जेवणाऱ्यांपैकी कोण खोकतंय ते ताट वाढताना ऐकणारी. त्याच्या ताटाशेजारी काढ्याचा पेला येई. महिन्याच्या हिशेबात तो कधी धरला जात नसे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार गिरण्यांबाहेर पडले. सगळं गिरणगाव एका रात्रीत गप्प झालं, कारण भोंगे थांबले. त्या संपाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, माझ्याजवळ सांगण्यासारखं त्यात थोडंच आहे. आमच्या घरातून सगळ्यांत आधी दूध गेलं. आरेच्या केंद्रावरून दोन बाटल्या येत, त्यांची एक झाली आणि उन्हाळा लागायच्या आत तीही बंद झाली. साखरेच्या जागी गूळ आला. कोरा चहा, गुळाचा. चहाची पूडही पुरवायची, म्हणून पाण्यात आधी गवती चहा. गॅलरीत तेलाच्या पत्र्याच्या डब्यात आजीने त्याचं ठोंब लावलेलं होतं. त्या वर्षी सगळा मजला त्या एका डब्यावर चहा प्याला. कुणी पाती कापून नेल्या की आजी तांदळाचं धुवण त्यात ओतायची. बुडाशी थोडं राखून कापलं तर गवती चहा पुन्हा फुटतो आणि तसं राखून कापायला कुणाला सांगावं लागलं नाही. मोठी माणसं आम्हा मुलांना म्हणत, कोरा चहा घशाला चांगला. ते खरंही होतं. बरीच कुटुंबं गावी गेली, काही परतली नाहीत. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. बाबांचा खोकला मात्र त्या दोन वर्षांत कमी झाला आणि त्याचा आनंद कुणाला मोकळेपणाने करता आला नाही.

लालबागची मसाला गल्ली उन्हाळ्यात पाहावी असं सगळे म्हणतात. तेव्हा डंक चालू असतात, मिरचीने नाकाडोळ्यांतून पाणी येतं, रांगा लागतात. मला ती हिवाळ्यात आवडते. दुकानदाराला वेळ असतो, तो सुंठेचा डबा पुढ्यात ओततो आणि निवडू देतो. चुना लावलेली सुंठ पांढरी, देखणी दिसते. आजी तपकिरी, सुरकुतलेली उचलायची. ती मोडून आतला धागा पाहायची, जिभेला लावायची आणि थोडा वेळ थांबायची. तिखटपणा लगेच आला तर तिला ती सुंठ पसंत नसे. जरा उशिराने, घशाच्या मागच्या बाजूला आला पाहिजे. घरी सहाणेवर दुधाचे चार थेंब घेऊन ती उगाळायची. सहाणेचा खरखरीत आवाज बदलून मऊ झाला की पुरे. ते गंध बोटाने निपटून गरम दुधात, कधी त्यातलंच उरलेलं कपाळाला.

गिरगावात, फणसवाडीला, आत्या राहायची. तिच्याकडे हिवाळ्यातल्या संध्याकाळी दुधाच्या असत. साय न काढलेलं दूध, जायफळ आणि केशराच्या दोन काड्या, सगळं चिनी मातीच्या कपांतून. आमच्याकडच्या पितळी पेल्यांतून आलेल्या मला ते कप फार नाजूक वाटत. आत्याच्या सासरी कधीकाळी चहाला मज्जाव होता. तिचे आजेसासरे चहाला शिवत नसत आणि शिवलेल्याच्या पंक्तीला बसत नसत म्हणे. आज हे सांगितलं तर खरं वाटत नाही. पण १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये पाद्र्यांनी बोलावलेल्या सभेनंतर चहा-बिस्किटं पुढे आली आणि त्यावरून केवढं ग्रामण्य झालं! लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे, गोखले, सगळे त्यात होते. कुणी चहा घेतला होता, कुणी मानापुरता कपाला हात लावला होता. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, प्रायश्चित्तं झाली. पुढे धोबीतलावला इराण्याच्या संगमरवरी टेबलावर ब्रून-मस्क्याबरोबर तोच चहा कुणीही कुणाशेजारी बसून पिऊ लागलं. क्यानी तिथे १९०४ पासून आहे. आत्याचे यजमान रविवारी सकाळी तिथे जायचे. घरी येऊन पुन्हा चहा घ्यायचे, बहुधा आत्याला वाईट वाटू नये म्हणून.

शिवायचं आणि न शिवायचं हे चहापुरतं असतं तर ते केव्हाच विरून गेलं असतं. गिरणीत विणाई खात्यात धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत विणकराला तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाने ओढलेलं सूत दुसऱ्याच्या ओठाला लागणार. एवढ्या कारणाने अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात, म्हणजे बऱ्या पगाराच्या खात्यात, घेतलं जात नव्हतं. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. ते स्वतः तेव्हा परळच्या पोयबावाडीतल्या चाळीत राहत होते, याच भोंग्यांच्या टापूत. गिरण्यांत पिण्याच्या पाण्याची मडकीसुद्धा वेगळी असत. माझ्या बाबांनी ज्या खात्यात आयुष्य काढलं त्याच्या पलीकडच्या खात्यातली ही गोष्ट. त्यांनी ती मला फार उशिरा सांगितली आणि सांगताना हातातला कप खाली ठेवला.

म्हणून दादरच्या हिवाळ्यातली सर्वांत मोठी रात्र मला ५ डिसेंबरची वाटते. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दर वर्षी माणसं येतात, आता लाखांनी. विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आलेली, शिवाजी पार्कच्या मातीत चादर अंथरून झोपलेली. समुद्र जवळ, पहाटे दव पडतं. रस्त्याकडेला संघटनांचे, युनियनचे, साध्या मित्रमंडळांचे मंडप असतात आणि प्रत्येक मंडपात मोठ्या टोपात चहा उकळत असतो. मध्यरात्रीनंतर गेलात तर तो मनासारखा मिळतो, कारण तोवर आल्याचा अर्क पुरता उतरलेला असतो. एका वर्षी पाहिलं, यवतमाळकडची एक म्हातारी रांगेत उभी होती. तिने आपला पेला भरून घेतला, तिथेच प्यायली आणि मग पिशवीतून रिकामी बाटली काढून पुढे केली. चहा ओतणाऱ्या मुलाने काही न विचारता बाटली भरली, झाकण घट्ट लावलं, फडक्यात गुंडाळून दिली. ती गर्दीतून पुस्तकांच्या स्टॉलकडे निघून गेली. तिच्या माणसांपैकी कोण त्या बाटलीची वाट पाहत होतं, ते कळलं नाही.

आणि परळ. १९२६ चं के.ई.एम. आणि १९४१ चं टाटा, दोन्ही रुग्णालयं हाकेच्या अंतरावर. जेरबाई वाडिया रस्त्याच्या पदपथावर बारा महिने माणसं मुक्काम करून असतात. हिवाळ्यात ती सकाळी भिंतीला टेकून उन्हाची वाट पाहतात. त्यांना दूध, चहा, नाश्ता नेऊन देणारे अनेक जण आहेत, वर्षानुवर्षं देताहेत. आमच्या इमारतीतल्या आम्ही काही जणीही जानेवारीत थर्मास घेऊन जातो. आधी आम्ही आपला घरचाच चहा न्यायचो, आलं-गवती चहा घातलेला, चांगला कडक. नातेवाईक घ्यायचे. रुग्णांपैकी पुष्कळ जण हात हलवून नको म्हणायचे. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाला शेक चालू असला की तोंड आतून सोलवटतं. आलं झोंबतं, मिरं झोंबतं, गरम तर सोसवतच नाही. ज्या घशाच्या काळजीने आपण हे सगळं उकळतो, तो घसा समोर होता आणि आमच्या थर्मासमध्ये त्याच्यासाठी काही नव्हतं.

तेव्हापासून एका थर्मासमध्ये पेज असते. मीठ नावापुरतं, दोनदा गाळलेली, कोमट. कोमट पेज मी लहानपणी कधी पाहिली नव्हती, बाबांना ती वाफाळतीच लागायची. इथे पेला हातात घेऊन लोक आधी बोटाने तिची ऊब पाहतात, मग ओठाच्या न दुखणाऱ्या कोपऱ्यातून थोडी आत घेतात. कुणी नळीतून घेतं. कुणाला एक घोट गिळायला बराच वेळ लागतो आणि जवळचं माणूस तेवढा वेळ त्याच्या गळ्याकडे पाहत राहतं.

परवा नांदेडकडची एक बाई भेटली. नवऱ्याच्या गालाची शस्त्रक्रिया होऊन शेक सुरू झालेला, मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. तिथे स्वयंपाकाची सोय आहे, ती स्वतःच करून घालते. तिने पेज घेतली, नवऱ्याला पाजली आणि पेला विसळून परत देताना म्हणाली, "मावशी, रागावू नका, पण भाताचं त्यांना बरं वाटंना. आमच्याकडं ज्वारीच्या कण्या करतात. त्या शिजवून पातळ केल्या तर चालतील का?" चालतील, म्हटलं, फक्त दाणा राहता कामा नये. मग ती विचारतच गेली. चांगली ज्वारी इथं कुठं मिळते? गिरणीवाला एवढीशी भरडून देईल का? मी लालबागची एक पिठाची गिरणी सांगितली, तिथला माणूस थोडकं दळण घेतो. ताक घातलं तर जखमेला झोंबेल का, हे मला सांगता येईना. डॉक्टरांना विचारायच्या गोष्टींचा एक कागद तिच्या पदराला बांधलेला होता. तो सोडून तिने त्यावर ताक लिहिलं, खाली रेघ मारली आणि म्हणाली, "तुमच्याकडलं ते बारीक गाळणं उद्याच्याला द्याल का?"